फंक्शन-व्याप्ती आणि ब्लॉक-व्याप्ती : जावास्क्रिप्टमधील एका सुधारणेचे परीक्षण

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत २०१५ साली ‘लेट’ व ‘कॉन्स्ट’ या दोन घोषणाशब्दांची भर पडली आणि तेव्हापासून जुन्या ‘व्हार’ या शब्दाकडे कलंक म्हणून पाहण्याची प्रथा पडली. फंक्शनपुरती व्याप्ती हा भाषेचा मूळ दोष आणि ब्लॉकपुरती व्याप्ती हे त्याचे निवारण, अशी मांडणी अध्यापनात सर्रास केली जाते. ही मांडणी सोपी आहे. परंतु ती कितपत खरी आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण तीत परस्परांहून भिन्न असे दोन दोष एकत्र गुंफले गेले आहेत, आणि त्यांची उकल झाल्यावाचून सुधारणेचे खरे मोल ठरविता येत नाही.

आज्ञावलीच्या ज्या भागात एखादे नाव ओळखले जाते, तो भाग म्हणजे त्या नावाची व्याप्ती होय. १९६० च्या अल्गोल अहवालाने ब्लॉकची कल्पना दृढमूल केली. ‘बिगिन’ व ‘एंड’ यांच्या दरम्यान घोषित झालेल्या नावाला त्या सीमेबाहेर अस्तित्व नाही, असा तिचा आशय. सी, आणि पुढे जावा, या भाषांत याच सीमेचे चिन्ह म्हणून महिरपी कंस रूढ झाले. १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचे पहिले रूप सिद्ध केले, तेव्हा तिला वेष मिळाला तो जावाचा. परंतु फंक्शन हेही इतर मूल्यांप्रमाणे एक मूल्यच होय, हा विचार आला तो स्कीम या भाषेकडून. महिरपी कंस आले, पण नावांना सीमा घालण्याचा त्यांचा अधिकार आला नाही. तो केवळ फंक्शनकडे राहिला.

पहिला दोष येथे उद्भवतो. एखाद्या फंक्शनच्या आरंभी ‘एकूण’ हे चल घोषित करून त्यास १० हे मूल्य दिले, आणि पुढे ‘इफ’च्या कंसात त्याच नावाची ‘व्हार’ने पुन्हा घोषणा करून २० दिले, तर सी जाणणारा वाचक कंसाबाहेर १० ची अपेक्षा करील. प्रत्यक्षात तेथे २० असतात. कारण दुसरी घोषणा नवे चल निर्माणच करीत नाही. त्यातच हॉइस्टिंगची भर पडते. घोषणा कोठेही लिहिलेली असो, नाव फंक्शनच्या आरंभापासून विद्यमान असते आणि मूल्य मिळेपर्यंत ते मुकाट्याने ‘अनडिफाइन्ड’ राहते. येथे फंक्शन-व्याप्ती ही कल्पना सदोष आहे असे म्हणता येत नाही. पायथनमध्येही ‘इफ’च्या ब्लॉकला स्वतःची व्याप्ती नाही, तरी त्या भाषेविषयी एवढा गहजब झालेला दिसत नाही. जावास्क्रिप्टमधील दोष चिन्ह आणि अर्थ यांच्या फारकतीचा आहे. ज्या चिन्हाने अन्यत्र सीमा सुचविली जाते, तेच चिन्ह येथे सीमेवाचून वापरले गेले.

या फारकतीवर दोन उपाय योजले गेले. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००८ च्या ‘जावास्क्रिप्ट : द गुड पार्ट्स’ या ग्रंथात सर्व चलांची घोषणा फंक्शनच्या आरंभीच करावी, असा दंडक सुचविला. दुसरा उपाय अधिक कल्पक होता. अनामिक फंक्शन लिहावयाचे आणि ते तेथल्या तेथे चालवावयाचे. म्हणजे आतील नावे बाहेर फुटत नाहीत. जेक्वेरीसारखे संपूर्ण ग्रंथालय अशाच एका फंक्शनच्या कवचात नांदले. आज ही युक्ती ओबडधोबड वाटते. परंतु फंक्शन-व्याप्ती स्वतःच्या बळावर नावांचे रक्षण करण्यास समर्थ होती, याचा तोच सर्वांत बळकट पुरावा आहे.

दुसरा दोष लूपसंबंधीचा. ० ते २ अशा तीन फेऱ्यांच्या लूपमध्ये प्रत्येक फेरीत एकेक फंक्शन निर्माण करून ठेवले आणि लूप संपल्यावर ती तिन्ही चालविली, तर ‘व्हार’च्या राज्यात प्रत्येक फंक्शन ३ हेच उत्तर देते. क्लोजर मूल्य जपून ठेवीत नाही, ते चलाशी नाते जोडते. आणि येथे तिन्ही फंक्शनांचे चल एकच असते. हा दोषही फंक्शन-व्याप्तीच्या खाती मांडला जातो. परंतु गो या भाषेचे उदाहरण या मताला छेद देते. गोमध्ये ब्लॉक-व्याप्ती आरंभापासूनच होती. तरीही लूपचे चल सर्व फेऱ्यांना सामाईक असल्याने हीच चूक तेथे वारंवार घडत असे, आणि २०२४ च्या १.२२ या आवृत्तीत तो नियम बदलावा लागला. सी शार्पनेही २०१२ साली ‘फॉरईच’पुरता असाच बदल केला होता. तेव्हा ब्लॉक-व्याप्तीने हा दोष आपोआप नाहीसा होत नाही, हे उघड आहे.

जावास्क्रिप्टमध्ये तो नाहीसा झाला, कारण २०१५ च्या प्रमाणकाने एक स्वतंत्र निर्णय घेतला. ‘लेट’ने घोषित केलेले लूपचे चल प्रत्येक फेरीस नव्याने निर्माण व्हावे आणि मागील फेरीचे मूल्य त्यात उतरावे. म्हणूनच तेथे ०, १, २ अशी उत्तरे मिळतात. सुधारणेचा सर्वाधिक दूरदर्शी भाग हाच होय. आणि विपर्यास असा की, सर्व श्रेय ब्लॉकला देणाऱ्या विवेचनात नेमका तोच झाकला जातो.

उरलेल्या दोन गोष्टींचेही मूल्यमापन असेच तारतम्याने व्हावयास हवे. ‘लेट’ने हॉइस्टिंग नष्ट केले, ही समजूत चुकीची आहे. ब्लॉकच्या आरंभापासून नाव राखून ठेवलेलेच असते. मात्र घोषणेपूर्वी त्याला स्पर्श केल्यास आता मौनाऐवजी त्रुटी मिळते. लाभ आहे तो या स्पष्टोक्तीचा. ‘कॉन्स्ट’विषयी तर अतिशयोक्तीच अधिक. तो नावाचे पुनर्नियोजन रोखतो. त्या नावामागील ॲरे किंवा ऑब्जेक्ट मात्र पूर्वीप्रमाणेच बदलता येतो. त्या शब्दावरून मूल्याच्या स्थैर्याची खात्री मानणारा विद्यार्थी चिन्ह व अर्थ यांच्या नव्या फारकतीत सापडतो.

जुनी वेबपृष्ठे मोडू नयेत म्हणून ‘व्हार’चा अर्थ बदलला गेला नाही, आणि तो शब्दही काढून टाकला गेला नाही. परिणामी १९९५ पासूनच्या दोन दशकांतील आज्ञावल्या आजही चालतात आणि वाचाव्या लागतात. नव्या लेखनात ‘लेट’ व ‘कॉन्स्ट’ यांचाच अवलंब करावा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ‘व्हार वापरू नये’ एवढाच नियम ज्याने कंठस्थ केला, त्याला जुनी आज्ञावली दुरुस्त करता येणार नाही. केवळ शब्द बदलण्याने तिचे वर्तन कोठे पालटेल, हेही सांगता येणार नाही. कोणते नाव कोठवर जिवंत आहे आणि कोणते फंक्शन कोणत्या चलाशी बांधलेले आहे, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. ते वेगळे ठेवून शिकविले, तरच या सुधारणेचे मर्म विद्यार्थ्याच्या हाती लागेल.