प्लेगचें दप्तर आणि उंदराची साक्ष

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला. त्या सांथीच्या पहिल्या वर्षांचा वृत्तांत लिहिणारास दोन छापील साधनें मुख्यतः उपयोगीं पडतात. एक आर. नॅथन यांचा चार भागांचा सरकारी ग्रंथ (सिमला, १८९८) व दुसरें जे. के. कॉण्डन यांचें मुंबई इलाख्यांतील प्लेगचा जून १८९९ पर्यंतचा इतिहास सांगणारें पुस्तक (मुंबई, १९००). ठाणें-कल्याणच्या स्थानिक इतिहासकारास यांतील आंकडे व तारखा जशाच्या तशा उचलण्याचा मोह होतो. म्हणून या साधनांची योग्यता किती व मर्यादा कोणती, हें पाहणें अवश्य आहे.

त्यांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. हुकूम, खर्च, छावण्या, तपासण्या यांची माहिती इतकी एकत्र अन्यत्र मिळणें कठीण. परंतु ज्यानें दप्तर लिहिलें तो जें मोजीत होता, तेवढेंच दप्तरांत येतें, हा नियम येथेंही लागू आहे. सरकार माणसें मोजीत होतें. कल्याणास लोहमार्गाचे दोन फांटे होतात, एक थळघाटाकडे व दुसरा बोरघाटाकडे. म्हणून मुंबईहून निघालेल्या उतारूंची वैद्यकीय तपासणी तेथें होई. उतारू थांबविला जाई. पण धान्याच्या गोणींत दडलेला उंदीर व त्याच्या अंगावरील पिसू यांची कोणी झडती घेतली नाहीं. घरांची झडती, सक्तीचें विलगीकरण यांचा जांच रयतेनें सोसला; ज्याची नोंद व्हावयास हवी होती तो प्रवासी मात्र दप्तराबाहेरच राहिला.

हें अज्ञान सर्वस्वी अपरिहार्य होतें असें म्हणवत नाहीं. उंदीर मरूं लागले कीं घर सोडावें, ही रीत कुमाऊं-गढवालच्या खेडुतांस पूर्वींच ठाऊक होती. सन १८९८ त सिमाँ यानें कराचीस पिसवेचा संबंध दाखविला. परंतु फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशननें तो मानला नाहीं. पुढें १९०५ पासून काम करणाऱ्या संशोधक मंडळानें परळच्या प्रयोगशाळेंत प्रश्न निकालांत काढला. प्लेगच्या घरांत ठेविलेल्या गिनीपिगांपैकीं पिसवांपासून राखलेले वांचले, न राखलेले मेले. गटारांतील उंदरांत सांथ प्रथम, घरांतील उंदरांत सुमारें दहा दिवसांनीं व माणसांत त्यानंतर, हा क्रमही त्यांनींच दाखविला.

तथापि या मंडळाची साक्षही मुख्यतः मेलेल्या उंदरांची आहे. जो उंदीर रोग होऊन जगला त्याची साक्ष रक्त-तपासणीनें मिळते. प्लेगजंतूच्या आवरणांतील एफ-१ नांवाचें द्रव्य मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींवर चढवितात व त्यांत उंदराचें रक्तजल मिसळतात. त्यांत प्रतिपिंडें असल्यास पेशी एकमेकींस चिकटतात. अर्थ असा, कीं या प्राण्यास प्लेगचा संसर्ग होऊन गेला. मुंबईच्या उंदरांस मद्रासच्या उंदरांपेक्षां प्लेगचा प्रतिकार अधिक करतां येई, असें परळ येथेंच आढळलें होतें. तेव्हां वांचलेल्यांची साक्ष वगळून इतिहास पुरा होत नाहीं.

या पुराव्यासही मर्यादा आहेत. प्रतिपिंडें कांहीं महिन्यांनीं ओसरतात; संसर्ग कोणत्या दिवशीं व कोठून आला तें सांगत नाहींत. त्यांच्यावरून १८९७ सालाबद्दल कांहींही सिद्ध होणार नाहीं. परंतु एक भ्रम त्यांनीं दूर होतो : माणसें मरावयाचीं थांबलीं म्हणजे प्लेग संपला, हा. १९६६ नंतर २८ वर्षें देशांत माणसांतील प्लेगची नोंद नव्हती. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं व सुरतेस त्याचें नांव पुन्हा ऐकूं आलें. म्हणून "अमुक सालीं सांथ संपली" या वाक्याचा अर्थ "अमुक सालीं माणसांची नोंद थांबली" एवढाच घ्यावा.

यास्तव आमची सूचना अशी. ठाणें व कल्याण-डोंबिवली येथें, गोदामें, बाजार व लोहमार्ग जवळजवळ असलेल्या वस्तींत, जेव्हां जेव्हां उंदरांचें रक्त तपासलें जाईल, तेव्हां प्रत्येक नमुन्याचें स्थळ, तारीख, उंदराची जात व निकाल लिहून ठेवावा; आणि निकाल नकारार्थी आला म्हणून कागद फाडूं नये. एकही दोषी उंदीर सांपडला नाहीं, हीही इतिहासाची नोंदच आहे. नॅथन व कॉण्डन यांच्या ग्रंथांत जी जागा रिकामी राहिली, ती पुढील संशोधकास याच कागदांवरून टाळतां येईल.