एक बंदिश, तीन वादक

डॉसच्या काळातल्या खेळांचं संगीत मन लावून ऐकायचं असेल, तर आधी एवढं ध्यानात घ्यावं की त्या फाइलींत आवाज साठवलेलाच नसतो. असतात त्या सूचना: या चॅनेलवर हा सूर धर, इतक्या जोरानं धर, आता सोड. १९८३ साली रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकारानं ‘मिडी’ ही पद्धत रूढ झाली. तिच्यात एक सूर धरायला तीन बाइट पुरतात. भातखंडे स्वरलिपी वाचलेल्या माणसाला हे लगेच उमगतं. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, एका मात्रेतल्या स्वरांखाली अर्धचंद्र, मींडेसाठी वर कमान. कागद एवढ्यावर थांबतो, पुढचं सगळं गवयाच्या गळ्यावर.  लिहिलेली चीज आणि गायलेली चीज यांतलं अंतर ओळखायची सवय आपल्याला भातखंड्यांनी लावली, आणि जुन्या संगणकातलं संगीत ऐकताना तीच कामी येते. बंदिश एकच असते, वादक बदलला की मैफल बदलते.

पहिला वादक अ‍ॅडलिब. नव्वदच्या दशकात ज्यांनी दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून असेंबल्ड पीसी घेतला आणि पुढेमागे ‘मल्टिमीडिया किट’ म्हणून सीडी ड्राइव्ह, साउंड कार्ड आणि प्लास्टिकचे दोन स्पीकर घरी आणले, त्यांच्या कानात हाच आवाज मुरलेला आहे. कार्डावर नाव कुठलंही असो, संगीतासाठी आत बहुधा यामाहाची ओपीएल चिप किंवा तिची नक्कल असायची. मूळ अ‍ॅडलिब कार्ड १९८७चं, कॅनडातल्या क्वेबेक शहरातलं. त्यावरच्या वायएम ३८१२ या ओपीएल चिपमध्ये नऊ आवाज आणि प्रत्येक आवाजामागे फक्त दोन लहरी. पहिली लहर दुसरीची कंपनसंख्या सतत हलवत राहते आणि त्या हलण्यातून उपस्वर उमटतात. ही युक्ती स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना १९६७ साली सापडली होती. दोन लहरींत व्हायोलिनचा ताफा उभा राहत नाही, हे खरं. पण घंटा ऐका, खालचा बास ऐका. घंटेचे उपस्वर मुळातच एकमेकांशी सरळ पटीत नसतात आणि असे आडमुठे उपस्वर ही चिप सहज देते. म्हणून तिची घंटा खणखणीत वाजते, आणि बासच्या सुराला सुरुवातीलाच असा टोकदार ठसका येतो की स्वस्त स्पीकरवरही तो पोटात जाणवतो.

या नऊ आवाजांचा संसार किती हुशारीनं चालवला जायचा, ते ‘डूम’मध्ये बघावं. डिसेंबर १९९३चा हा खेळ, संगीत बॉबी प्रिन्स यांचं. खेळाच्या डेटात ओपीएलसाठी वाद्यांची एक वेगळी कोठी आहे, आणि तिच्यातली काही वाद्यं ‘जोडआवाजाची’ आहेत. म्हणजे एकाच सुरासाठी चिपचे दोन आवाज एकदम वाजतात, दुसरा पहिल्यापेक्षा अगदी किंचित चढा किंवा उतरा. त्या किंचित बेसूरपणातून सुराला जाडी येते, तो कडांना थरथरतो. आता हिशेब बघा. आवाज नऊ, त्यातले दोन-दोन एका सुराला द्यायचे, आणि तरी गिटार, बास, ताल सगळं उभं करायचं. जागा संपली की सॉफ्टवेअर आधी कुणाचा सूर कापायचा ते ठरवतं, आणि पहिल्याच पातळीच्या त्या धावत्या गिटारमध्ये ही काटछाट चालू आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. नऊ माणसांत पंचवीसांचा आवाज काढणारी ही मंडळी आहेत.

दुसरा वादक रोलँडचा एमटी-३२, तोही १९८७चा. हे कार्ड नव्हे, संगणकाबाहेर ठेवायचं स्वतंत्र वाद्य. अमेरिकेत खेळ बनवणारी सिएरा कंपनी ते इंटरफेसासकट ५५० डॉलरला विकायची. दिल्लीतल्या मध्यमवर्गीय घरात तेव्हा ते येणं शक्यच नव्हतं, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांनी ते खेळ खेळले, पण त्यांचं संगीत जसं बांधलं गेलं होतं तसं ऐकलंच नाही. त्याची रचना मोठ्या विचारानं केलेली आहे. कुठल्याही वाद्याची ओळख कानाला पटते ती सुराच्या पहिल्या क्षणी: बासरीत फुंकेचा फसकारा, तारेवर नखीचा घाव. तेवढाच क्षण खऱ्या ध्वनीच्या नमुन्यातून घ्यायचा आणि पुढचा लांबणारा सूर कृत्रिम लहरीवर सोपवायचा, हे एमटी-३२चं तंत्र. त्या काळी स्मृती महाग होती. खर्च नेमका कुठे केला की कान फसतो, हे रोलँडच्या अभियंत्यांनी अचूक हेरलं होतं.

त्याच्याकडे असे ३२ घटक, आणि एका वाद्याला जास्तीत जास्त चार लागतात. सगळीकडे चार-चार वापरले तर एका वेळी आठच सूर वाजतील. म्हणून चांगला संगीतकार मुख्य धुनेला भरघोस वाद्य देतो आणि मागची साथ एक-दोन घटकांत भागवतो. हा काटकसरीचा भाग कानाला कळत नाही, पण संपूर्ण वाद्यमेळाचा समतोल त्यावर उभा असतो. सिएराच्या खेळांनी आणखी एक गंमत केली. खेळ सुरू होताना ते स्वतः घडवलेली वाद्यं एमटी-३२च्या स्मृतीत ओततात, आणि त्याच्या वीस अक्षरांच्या छोट्या पडद्यावर आपला संदेशही झळकवतात. १९८८च्या ‘किंग्ज क्वेस्ट ४’साठी विल्यम गोल्डस्टीन यांच्यासारखा चित्रपट-दूरदर्शनवर काम केलेला संगीतकार आणला होता. वाद्यसुद्धा प्रसंगासाठी नव्यानं घडवायचं, ही नाटकाच्या संगीतातली नजर इथे दिसते.

आता यंत्राच्या पाठीमागे या, कारण खरी कारागिरी तिथेही आहे. माझ्या नोएडातल्या टेबलावर ४८६ डीएक्स२ आहे, ६६ मेगाहर्ट्झचं, आणि त्यात नेहरू प्लेसच्या एका जिन्याखालच्या दुकानातून आणलेलं साउंड ब्लास्टर १६. असं यंत्र हाती आलं की पहिलं काम म्हणजे मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियमची बॅटरी काढून टाकणं. ती पाझरते आणि तांब्याच्या रेघा खाते. मग ऑटोएक्झेक फाइलीत एक ओळ लिहायची: सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६. ही ओळ सावकाश वाचण्यासारखी आहे. २२० हा कार्डाचा पत्ता. आय म्हणजे इंटरप्ट, कार्डानं प्रोसेसरला हाक मारायची ती पाच नंबरच्या तारेवरून. डी आणि एच हे ध्वनीचा डेटा नेण्याचे दोन मार्ग, पी३३० हा मिडीचा दरवाजा, टी६ ही कार्डाची जात. सहा शब्दांत संपूर्ण कार्डाची कुंडली. आजच्या यंत्रांत हे सगळं आपोआप होतं, पण कुठलं उपकरण कुठल्या वाटेनं बोलतंय हे एका ओळीत डोळ्यांसमोर येण्याचं सुख त्यात नाही.

एमटी-३२ जोडायचा तो जॉयस्टिकच्या पंधरा पिनांच्या पोर्टातून. बाराव्या पिनेवरून मिडी बाहेर जातं, पंधरावीवरून आत येतं, आणि पुढे पाच पिनांची गोल डिन वायर. या वायरीतला माझा सर्वांत आवडता तपशील डोळ्यांना दिसत नाही. घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर बसवलेला असतो: विजेचा स्पंद येतो, आतला इवलासा दिवा लुकलुकतो आणि समोरचा संवेदक तो प्रकाश टिपतो. दोन यंत्रांमध्ये विजेचा थेट संबंधच येत नाही. दिल्लीतल्या जुन्या इमारतींत अर्थिंग कसं असतं हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. निदान या वायरीतून तरी घरघर वाद्यात शिरत नाही. वेग सेकंदाला ३१,२५० बिट. म्हणजे तीन बाइटांचा एक सूर पोचायला साधारण एक मिलिसेकंद. दहा सुरांचा मेळ एकदम धरला तर शेवटचा सूर पहिल्यानंतर नऊ-दहा मिलिसेकंदांनी येतो, आणि जाणते संगीतकार तालाचा ठोका रांगेत पुढे ठेवतात, कारण कान उशीर सर्वांत आधी तिथे पकडतो.

जुने सिएरा खेळ मात्र एवढ्यानं बोलत नाहीत. ते रोलँडच्या मूळ एमपीयू-४०१ इंटरफेससाठी लिहिलेले आहेत. त्यात वेळ सांभाळणारा स्वतःचा प्रोसेसर होता. नंतरच्या कार्डांनी फक्त साधी पोस्टमनकी ठेवली. ही उणीव भरून काढतो सॉफ्टएमपीयू नावाचा चिमुकला प्रोग्रॅम. तो पार्श्वभूमीत बसतो आणि खेळाला भासवतो की पलीकडे तो हुशार इंटरफेस आहे. सुरुवातीच्या एमटी-३२ला वाद्यांचा डेटा फार भराभर पाठवला तर तो गोंधळतो, म्हणून हाच प्रोग्रॅम मध्ये अचूक थांबेही घालतो. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी कामाला लावलं नाही, तरी कुणीतरी इतक्या बारकाईनं हे लिहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

हे सगळं जुळलं की ‘मंकी आयलंड २’ लावावा. १९९१चा हा खेळ, संगीत मायकेल लँड, पीटर मॅककॉनेल आणि क्लिंट बजाकियन यांचं. नायक गायब्रश स्कॅब बेटावरच्या वुडटिक गावात येतो. मोडक्या गलबतांच्या सांगाड्यांवर फळ्या टाकून वसवलेलं हे गाव. गावाची एक डुलती धून आहे. आता दारूच्या गुत्त्यात शिरा. धून तुटत नाही. चालू आवर्तन पुरं होतं आणि तिच्याच चालीवर त्या जागेची स्वतःची सुरावट येऊन बसते. बाहेर या, ती सुरावट एक छोटा निरोपाचा तुकडा वाजवते आणि गावाची धून पुन्हा पुढे जाते. सुताराकडे वेगळी, धोब्याकडे वेगळी, नकाशे काढणाऱ्या वॉलीच्या खोलीत वेगळी. खाली ठेका एकच.

पहिल्यांदा खेळताना हे लक्षातही येत नाही, इतकं सहज घडतं. म्हणून सुचवतो: एकाच दारातून मुद्दाम आत-बाहेर करा, दर वेळी मात्रा मोजून. समेवर बाहेर पडा, मग दोन मात्रा उलटल्यावर, मग आवर्तनाच्या टोकाला. निरोपाचा तुकडा दर वेळी तोच नसतो. तुम्ही धुनेच्या कुठल्या जागी होता, त्यानुसार जोडकाम वेगळं लिहिलेलं आहे. लँड आणि मॅककॉनेल यांनी यासाठी ‘आयम्यूज’ नावाची यंत्रणा घडवली आणि तिला १९९४ साली पेटंट मिळालं. संगीतात आधीच खुणा पेरलेल्या असतात, खेळातली घटना घडली की यंत्रणा पुढच्या योग्य खुणेपर्यंत थांबते आणि तिथूनच वळते. तान कुठूनही उचलली तरी समेवर यायचं, हा आपल्याकडचा नेम इथे संगणकाला शिकवलेला आहे. आणि हे साधलं ते संगीत सूचनांच्या रूपात होतं म्हणूनच. सीडीवर खऱ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण आलं, आवाज श्रीमंत झाला, पण मुद्रित ध्वनी असा मात्रेमात्रेला वाकवणं फार कठीण. वुडटिकचं हे पंधरा-वीस मिनिटांचं फिरणं मी डॉसच्या संगीतातलं सर्वोच्च शिखर मानतो.

तिसरा वादक साउंड कॅनव्हास एससी-५५, १९९१चा, आणि त्याच्यासोबत आलेली ‘जनरल मिडी’ची शिस्त: १२८ वाद्यांची ठरलेली यादी, दहावं चॅनेल तालवाद्यांचं. ‘डूम’चं संगीत याच वाद्यावर बेतलेलं, त्यामुळे त्याची गिटार इथे खरी गुरगुरते. पण मराठी रसिकानं या यादीत १०५ आणि ११२ क्रमांक काढून बघावेत. १०५ला सतार आहे, आणि ११२ला चक्क सनई, बॅगपाईप आणि फिडलच्या शेजारी. तबला मात्र यादीत नाही, याची खंत वाटते. सनई लावून मींड काढून बघा. मिडीत सूर वाकवायला १६,३८४ पायऱ्या मिळतात, एरवी दोन्ही बाजूंना दोन-दोन अर्धस्वरांच्या टप्प्यात. निषादावरून षड्जाकडे सरकताना एकही पायरी कानाला जाणवत नाही. फक्त मागचा सूर धरणारा साथीदार दुसऱ्या चॅनेलवर बसवायचा, कारण वाकवण्याची सूचना अख्ख्या चॅनेलला लागू होते आणि मींडेबरोबर आधाराचा षड्जही घसरतो. सनईवाले सूर धरायला वेगळा माणूस का बसवतात, ते या डब्यासमोर नव्यानं पटतं.

खरा एमटी-३२ आज भारतात मिळणं दुर्मीळ, आणि जपानहून आणलेल्याचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय तो आपल्या २३० व्होल्टला जोडू नये. रास्पबेरी पायवर चालणारं एमटी३२-पाय हे सॉफ्टवेअर त्याची जागा उत्तम घेतं, मध्ये मिडी इंटरफेस बसवला की जुन्या यंत्राची मिडी वायर त्याला लावता येते. निवड कराल ती अशी करा: वुडटिकला एमटी-३२, ‘डूम’ला एससी-५५, आणि बालपण जसं ऐकलं तसं ऐकायला ओपीएल. दिल्लीतल्या सीलमपूरच्या भंगारात जुनी कार्डं सोन्याच्या मुलाम्यासाठी सोलली जातात. घरातला जुना पीसी कबाडीवाल्याला देण्याआधी झाकण उघडा, साउंड कार्ड बाहेर काढा आणि चिपवरची अक्षरं वाचा. वायएमएफ २६२, म्हणजे यामाहाची ओपीएल चिप, दिसलं, तर ते कार्ड जाऊ देऊ नका.