हवामान बदल कायद्याचे निरसन : ब्रिटनमधील वादाची चिकित्सा

ब्रिटनच्या संसदेने २००८ साली हवामान बदल कायदा संमत केला, तेव्हा त्यास विरोध करणारे सदस्य बोटांवर मोजण्याइतकेच होते. मजूर पक्षाच्या या विधेयकास डेव्हिड कॅमेरून यांच्या नेतृत्वाखालील हुजूर पक्षाचाही पाठिंबा होता. त्याच हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये, सत्ता मिळाल्यास हा कायदा रद्द करण्याची घोषणा केली. माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनी तिच्यावर कडक टीका केली. हा वाद दोन पक्षांमधील जितका आहे तितकाच तो एका पक्षाच्या अंतर्गतही आहे.

निरसनाच्या समर्थकांचा पहिला मुद्दा महाग विजेचा आहे. तो वरवर पटणारा असला तरी कायद्याच्या मजकुरावर टिकत नाही. अक्षय ऊर्जेसाठी वीजबिलांवर पडणारा भार मुख्यतः अन्य योजनांतून येतो; त्यांपैकी एक महत्त्वाची योजना तर २००२ पासूनच लागू आहे. उत्पादकांशी झालेले दीर्घ मुदतीचे करार २००८ चा कायदा रद्द केल्याने आपोआप संपुष्टात येणार नाहीत. शिवाय तेथील घाऊक बाजारात विजेचा दर बहुतांश वेळा नैसर्गिक वायूच्या किमतीवरून ठरतो.

दुसरा आक्षेप लोकशाहीविषयक असून तो अधिक गंभीर आहे. न निवडलेली समिती आणि न्यायालये धोरण ठरवितात, असे म्हटले जाते. वस्तुतः हवामान बदल समिती केवळ सल्ला देते. पंचवार्षिक कार्बन अंदाजपत्रकास संसदेची संमती लागते. उच्च न्यायालयाने २०२२ व २०२४ मध्ये सरकारच्या योजना बेकायदेशीर ठरविल्या, परंतु कोणते धोरण आखावे हे सांगितले नाही. योजना नव्याने करण्यास भाग पाडले, इतकेच. तथापि या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. १९९० च्या तुलनेत २०५० पर्यंत उत्सर्जनात ८० टक्के घट करण्याचे मूळ उद्दिष्ट २०१९ साली निव्वळ शून्यापर्यंत नेण्यात आले, ते दुय्यम विधानाद्वारे. लोकसभागृहातील चर्चा दीड तासाची. मतविभागणी झालीच नाही. साऱ्या अर्थव्यवस्थेस बांधणारा निर्णय इतक्या सहजतेने झाल्यामुळे खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न तेव्हा अनुत्तरित राहिला आणि आज तोच प्रश्न निरसनाच्या मागणीचे रूप घेऊन परतला आहे.

कायद्याच्या समर्थकांची मांडणीही सर्वस्वी निर्दोष नाही. उत्सर्जन १९९० च्या सुमारे निम्म्यावर आले, याचे संपूर्ण श्रेय ते कायद्यास देतात. कोळशाकडून वायूकडे झालेले मोठे स्थित्यंतर १९९० च्या दशकातील, म्हणजे कायद्यापूर्वीचे आहे. रॅटक्लिफ येथील शेवटचे कोळसा वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाले, त्यामागे कार्बनवरील किमतीचाही वाटा होता. कायद्याचे खरे कार्य वेगळे आहे : सरकार बदलले तरी उत्तर देण्याचे बंधन बदलत नाही.

ऑस्ट्रेलियात हे बंधन तुटलेले दिसते. तेथील कार्बन किमतीचा कायदा जुलै २०१४ मध्ये रद्द झाला आणि उत्सर्जनाचे राष्ट्रीय उद्दिष्ट कायद्यात येण्यास २०२२ साल उजाडले. ब्रिटनमधील दोष प्रक्रियेचा आहे. उद्दिष्टात बदल करावयाचा तर त्यासाठी पूर्ण विधेयक व मतदान अनिवार्य करणारी दुरुस्ती त्यावर पुरेशी ठरू शकते. अशी मागणी मात्र दोन्हींपैकी एकाही बाजूकडून ठामपणे पुढे आलेली नाही.