हत्याराचं पाणी

गेल्या सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो होतो. दुबईहून सुट्टीला जाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या यादीत शनिवारवाडा, बाकरवडी आणि केळकर म्युझियम ही त्रयी असतेच! तिथल्या अडकित्त्यांच्या कपाटापुढे माझी नऊ वर्षांची धाकटी कन्या काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, ह्यानं सुपारी कशी फोडायची? दाखव ना."

आता काचेतून काय दाखवणार? हाताच्या दोन बोटांची कात्री करून दाखवली. बिजागरीच्या जितकं जवळ सुपारी ठेवू, तितका जोर कमी लागतो, हेही सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. माझंही नाही. परतीच्या विमानात त्या प्रश्नानं डोकं खाल्लं. हा लेख त्यातूनच आला. ही तक्रार नाही मंडळी, टीका आहे. आणि टीका माणूस आपलेपणानंच करतो!

प्रथम श्रेय द्यायला हवं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) म्हणजे 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या स्मृतीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. १९६२ मध्ये संग्रहालय स्थापन झालं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे अडीच हजारच मांडलेल्या असतात. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ झाले. पण दिवे, कुलुपं, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी जमवण्याजोगी आहेत हे ज्या काळात कोणाला सुचत नव्हतं, त्या काळात त्यांनी ते केलं. त्यांच्याशिवाय माझ्या मुलीला तो प्रश्न पडलाच नसता.

पण केळकरांची नजर कवीची होती. कवी सौंदर्यापाशी थांबतो. मोराच्या आकाराचा अडकित्ता दिसला की पाय आपोआप थबकतात. साध्या कुऱ्हाडीपुढे, वाकसापुढे, लाकूडतोड्याच्या करवतीपुढे कोण थबकणार? त्यांना ना नक्षी, ना मूठ चांदीची. ज्या हत्यारांनी घरांचे वासे, देवळांचे खांब आणि गलबतांच्या फळ्या कापल्या, ती बहुतेक गंजून भंगारात गेली.

दुसरी गोष्ट पाट्यांची. आपल्याकडच्या कुठल्याही संग्रहालयातली पाटी आठवून पाहा. वस्तूचं नाव, धातू, शतक, प्रांत. सगळी नामं आणि विशेषणं. क्रियापद एकही नाही! ही वस्तू कोण, कशी, कुठल्या हातानं, किती वेळ वापरत असे, तिला धार कोण लावत असे, याचा पत्ता नाही. हत्याराच्या पाटीवर क्रियापद नसणं म्हणजे लग्नपत्रिकेवर वधूवरांची नावं नसण्यासारखं आहे.

मला या विषयाचं वेड कसं लागलं ते थोडं सांगायला हवं. मास्टर्ससाठी मी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात दोन वर्षं होतो. तो सगळा उंच झाडांचा आणि लाकूडतोड्यांचा मुलूख. तिथे जुनी दोन माणसांनी ओढायची लांबलचक करवत जमवणारे, गंज काढणारे, धार लावून पुन्हा वापरणारे लोक भेटले. त्या करवतीचं तिथलं लाडाचं नाव 'मिझरी व्हिप', म्हणजे छळाचा चाबूक! आधी मला वाटलं, निवृत्त लोकांचा छंद असेल. मग खरं कारण कळलं. अमेरिकेत १९६४ मध्ये अरण्यसंरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार राखीव अरण्यांत मोटारीवर चालणाऱ्या यंत्रांना जवळजवळ बंदीच आहे. वाटेवर पडलेलं झाड कापायचं तर हातकरवतीनंच. काम उरलं, म्हणून करवत उरली. आणि करवत उरली, म्हणून तिला धार लावणाराही उरला. १९७० च्या दशकात तिथल्या वनखात्यानं वॉरन मिलर नावाच्या आपल्या माणसाकडून 'क्रॉसकट सॉ मॅन्युअल' ही छोटी पुस्तिका लिहून घेतली.

सॉफ्टवेअरची जाडजूड मॅन्युअल्स वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पण इतकं नेमकं मॅन्युअल मी दुसरं वाचलेलं नाही. करवतीत कापणारे दाते वेगळे आणि भुसा उकरून बाहेर काढणारे दाते वेगळे. उकरणारे दाते कापणाऱ्यांपेक्षा किंचित आखूड हवेत, अगदी दोन-चार कागदांच्या जाडीइतके. तेवढं जमलं तर लाकडातून भुशाऐवजी लांब शेवया बाहेर पडतात. नाही जमलं तर दोघांनी दिवसभर घाम गाळायचा! जुनी चांगली करवत पाठीकडे पातळ होत जाते, म्हणून ती लाकडात अडकत नाही. हे काचेआडून दिसणारं नाही. ते बोटांनीच कळतं.

एवढी विद्या घेऊन मी आमच्या गावी, कुडाळजवळ, गेलो. पडवीच्या आढ्याला आजोबांच्या वेळची मोठी करवत टांगलेली होती. घर बांधताना फणसाचे आणि ऐनाचे ओंडके तिनंच कापले, असं घरात सांगत. चुलतभावाला ती त्याच्या नव्या होमस्टेच्या भिंतीवर शोभेला हवी होती. मी ऐटीत म्हटलं, "थांब, आधी मी तिला नवी करून देतो." आणि इथेच माती खाल्ली.

पुस्तिकेतलं सगळं ठाऊक असूनही मी घाई केली. सुट्टी संपत आली होती ना! भाड्यानं ग्राइंडर आणला. अर्ध्या दिवसात करवत चांदीसारखी चमकली. बनवणाऱ्याचा शिक्का होता, तो गंजाबरोबर गेला. दात्यांनाही ग्राइंडरनंच टोक काढलं. टोकांवर छान निळी झाक आली, ती मला शोभेची वाटली!

संध्याकाळी वाडीतले वयस्कर सुतारकाका आले. त्यांनी निळ्या दात्यावरून अंगठा फिरवला, कानस एकदा घासून पाहिली आणि म्हणाले, "हिचा पाणी गेला रे."

पोलाद तापवून विझवलं की त्याला कडकपणा येतो, त्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो. ते पुन्हा जास्त तापलं की पाणी उतरतं. निळा रंग ही त्याचीच खूण. दाते मऊ झाले. आता कितीही कानस मारली तरी धार टिकणार नाही. आजोबांच्या हातून जे सत्तर वर्षं टिकलं, ते मी एका दुपारी घालवलं. आता ती करवत खरंच फक्त भिंतीवर टांगण्याच्या लायकीची उरली. चुलतभाऊ खूश! मी आठवडाभर कोणाशी धड बोललो नाही.

सुतारकाका मात्र रागावले नाहीत. त्यांनी आपल्या पेटीतली छोटी करवत काढून माझ्या हातात दिली. मी सवयीनं ढकलली. "अरे, ओढ. ढकलू नको. ढकललंस तर ती वाकतली." आपल्याकडची जुनी करवत ओढताना कापते, इंग्रजी पद्धतीची ढकलताना. म्हणजे दात्यांची दिशा उलटी, बसण्याची पद्धत उलटी, लाकूड धरायला पायाचा उपयोग वेगळा. एका क्रियापदात एवढं सगळं भरलेलं! मोठी दुहाती करवत तर दोन्हीकडून नुसती ओढायची. आपली पाळी संपली की हात सैल सोडायचा आणि पलीकडच्याला ओढू द्यायचं. (हे ऐकून आमच्या सौ.नी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यावर वेगळा लेख होईल.)

आता आपल्या इथल्या भूमीकडे येतो. दुबईचा अल् फहिदी किल्ला १७८७ चा, त्यात १९७१ मध्ये संग्रहालय झालं. नूतनीकरणासाठी बंद होण्याआधी आपण सगळ्यांनीच ते पाहुण्यांना दाखवलं आहे. तळघरातली ती बाजारपेठ आठवते? सुतार, लोहार, शिंपी, सगळे माणसाच्या उंचीचे पुतळे, मागून ठोकाठोकीचा आवाज. केळकर संग्रहालयापेक्षा हे एक पाऊल पुढे होतं. निदान हत्यार कोणाच्या तरी हातात होतं. पण तो हात कधी हलला नाही.

हलणारे हात मला अजमानला दिसले, गलबतं बांधण्याच्या जागी. इथल्या जुन्या पद्धतीत कागदावर नकाशा नसतो. आधी बाहेरच्या फळ्या जोडतात, आतले बाक नंतर बसवतात, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांच्या बरोबर उलटं. फळ्यांना लागणारं सागवान पिढ्यान् पिढ्या मलबारहून आलं. इथल्या जुन्या घरांच्या छपरांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून खारफुटीचे वासे आले. त्या वाशांची लांबी मर्यादित, म्हणून खोल्याही अरुंद. कुठल्या तरी लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीनं इथल्या दिवाणखान्याची रुंदी ठरवली! आपल्या वाकसाला इथे 'कदूम' म्हणतात आणि करवतीला 'मिन्शार'. अजमानच्या त्या कारागिराला मी मोडक्या हिंदीत विचारलं, "धार कोण लावतं?" त्यानं नुसतं स्वतःच्या छातीकडे बोट केलं.

कोणी म्हणेल, मग काय, संग्रहालयातल्या अडकित्त्यानं प्रत्येकाला सुपारी फोडू द्यायची? दहा वर्षांत अडकित्ता संपेल! हे अगदी मान्य. ज्यानं स्वतःच्या आजोबांच्या करवतीचं पाणी घालवलं, त्यानं तर जपून ठेवणाऱ्यांना नावं ठेवूच नयेत. अस्सल वस्तू काचेआडच राहावी. पण तिच्याशेजारी एक वापरायची जोड ठेवता येते. धार लावणाऱ्या हातांची दोन मिनिटांची चित्रफीत दाखवता येते. जपानमध्ये कोबे शहरात १९८४ पासून सुतारकामाच्या हत्यारांचं ताकेनाका संग्रहालय आहे. १९४३ च्या एका पाहणीत एका सुताराला लागणारी १७९ हत्यारं मोजली गेली होती, तो संच तिथे मांडलेला आहे. सुंदर म्हणून निवडलेला नाही, कामाला लागतो म्हणून पुरा मांडलेला. फरक एवढाच, पण केवढा!

कौशल्य हाही वारसा आहे, हे मानणारा युनेस्कोचा करार २००३ चा. भारत आणि संयुक्त अरब अमिरात, दोघेही त्यात २००५ मध्ये सामील झाले. बेदुइन बायकांचं 'अल् सदू' विणकाम २०११ मध्ये आणि पंजाबातल्या जंडियाला गुरूच्या ठठेऱ्यांची भांडी घडवण्याची कला २०१४ मध्ये त्या याद्यांत आली. म्हणजे तत्त्व दोन्ही देशांनी केव्हाच मान्य केलं आहे. पाट्या बदलायच्या तेवढ्या राहिल्या आहेत.

माझ्यापुरतं सांगायचं तर पुण्याच्या जुन्या बाजारातून गंजलेलं एक कुऱ्हाडीचं पातं आणि एक हातकरवत घेतली. चेक-इन सामानात टॉवेलात गुंडाळून आणली. इथे तोडायला झाड नाही आणि गाफच्या झाडाला हात लावायची सोय नाही. म्हणून टाकून दिलेल्या पॅकिंगच्या फळ्या कापतो. शनिवारी सकाळी बाल्कनीत कानस घासत बसतो. ग्राइंडरला हात लावत नाही. गंज रॉकेलमध्ये भिजवून, पितळी ब्रशनं, सावकाश. एका करवतीला चार शनिवार गेले. धाकटी समोर बसून दाते मोजते आणि एक आड एक डावी-उजवीकडे वाकलेत ना, ते तपासते. परवा तिनं पहिली फळी सरळ कापली. ओढून!

सुतारकाका आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरी करतो, पेटी कोणी उघडत नाही. येत्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर फोन धरून बसणार आहे. करवतीचा फोटो काढायला नव्हे, तर त्यांचा अंगठा पात्यावरून कसा फिरतो आणि पाणी आहे की गेलं हे त्यांना कसं कळतं, ते टिपायला. तुमच्याही गावी असे एक काका, एक मावशी असतील. पाटा टाकणारी, जातं टाकणारा, विळीला धार लावणारा. जाल तेव्हा वस्तू मागू नका. "दाखवा ना" म्हणा.