यंत्र कोणाशी बोलते?

कोणताही मजकूर हाती घेतला की समीक्षकाने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की हा बोलतो आहे कोणाशी? दलित साहित्याने प्रस्थापितांच्या साहित्याला हाच प्रश्न विचारला होता. आज शासनाचे यंत्र बोलू लागले आहे. त्याचे बोलणेही याच कसोटीला लावले पाहिजे.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. तरतूद ५०० कोटी रुपयांची. त्याच वर्षी ‘महाविस्तार’ हे मोबाइलवरचे साधन आले. हवामान, कीड, बाजारभाव यांविषयी विचारा, मराठीत उत्तर मिळते. हे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. रावेर-यावलच्या केळीवर करपा आला, शिरपूर-चोपड्याच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली, तर वेळेवर मिळालेला सल्ला मोलाचाच असतो.

पण मोलाचा कोणाला? १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि हा क्रमांक जमिनीच्या नोंदीला बांधलेला आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तो शेतकरी. मग आखाजीला ज्याचे साल ठरते तो सालदार कोण? कापूस वेचणारी बाई कोण? पाठीवर पंप घेऊन फवारणारा कोण? अळीवर कोणते औषध मारावे हे मालकाला कळेल. ते औषध अंगावर उडते मजुराच्या. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत शेतमजूरही होते. ‘कल्याण’ हा शब्द शासनाच्या कागदात फार सैल हाताने लिहिला जातो. पिकाचे कल्याण म्हणजे ते पिकवणाऱ्या हातांचे कल्याण नव्हे.

भाषेचेही तेच. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे १८ लाखांवर आणि भिली बोलणारे एक कोटीवर होते. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीबाहेर. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाईंचे नाव २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला दिले गेले, हे चांगलेच झाले. परंतु बहिणाबाईंच्या बोलीतली तक्रार आज कोणत्या कचेरीत घेतली जाते?

नागरिकांचा सहभाग म्हणजे यंत्राला प्रश्न विचारण्याची मुभा, अशी आता समजूत होऊ पाहते आहे. खानदेशला सहभागाचा दुसरा अर्थ माहीत आहे. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली इथले भूमिहीन पडीक जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्यांनी सल्ला मागितला नव्हता, जमीन मागितली होती. जमिनीची नोंद हाच ज्या यंत्रणेचा पाया आहे, तिला ही मागणी ऐकू येणार कशी? यंत्र बिघडलेले नाही. ते नोंदीबरहुकूम चालते, आणि नोंद कोणाच्या नावाची आहे हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

धुळे-जळगावच्या विद्यार्थी मित्रांनी एक करून पाहावे. एखाद्या सालदाराजवळ बसून या साधनाला त्याच्याच बोलीत विचारावे : मालकाने साल अर्ध्यावर मोडले, राहिलेले पैसे कोणाकडे मागू? जे उत्तर येईल ते शब्दशः वहीत उतरवून घ्यावे, आणि येत्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यासमोर मोठ्याने वाचावे.