स्वस्त सपाट टीव्ही : भाव आणि भरवसा

शाळेसाठी टीव्ही घ्यायचे ठरले की जमलेली लोकवर्गणी मोजली जाते आणि तेवढ्या रकमेत बसणारा ३२ इंची स्वस्त संच भिंतीवर लागतो. पहिल्या आठवड्यात सगळेच खूष असतात. चित्र स्वच्छ असते, रंग उठावदार असतात, जागा फारशी अडत नाही. आमच्या शाळेतील असाच एक संच तिसऱ्या वर्षी एकाएकी काळा पडला. आवाज मात्र व्यवस्थित येत होता. 'पडदा गेला, आता नवीनच घ्या' असा सल्ला मिळाला आणि संच कपाटावर जाऊन बसला. हा सल्ला बरोबर होता का? आणि मुळात तो संच घेताना आम्ही नेमके काय विकत घेतले होते?

खोक्यावर 'एलईडी टीव्ही' असे छापलेले असते. त्यामुळे चित्र एलईडीच काढतात, असा समज होतो. या संचांत तसे नसते. चित्र काढतो तो द्रवस्फटिकांचा पडदा. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ध्रुवित प्रकाशाची दिशा फिरवून ते दोन ध्रुवक पत्र्यांच्या मदतीने प्रकाश कुठे अडवतात, तर कुठे जाऊ देतात. प्रकाश येतो तो पडद्यामागच्या पांढऱ्या एलईडींच्या पट्ट्यांतून. थोडक्यात, टीव्ही म्हणजे एक खिडकी आणि तिच्यामागे एक दिवा.

हे वर्गात सहज दाखवता येते. पांढरे चित्र लावून भिंगातून पडद्याकडे पाहा. लाल, हिरव्या व निळ्या पट्ट्या शेजारी शेजारी दिसतील. मग पोलरॉइड गॉगल घेऊन त्याची एक काच पडद्यासमोर हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात पडदा काळा दिसू लागेल, कारण त्यातून येणारा प्रकाश ध्रुवित आहे.

खिडकी आणि दिवा वेगळे आहेत हे कळले की काळ्या पडलेल्या संचाची तपासणीही सोपी होते. खोलीत अंधार करावा, संच चालू ठेवावा आणि पडद्याच्या अगदी जवळून तिरपा टॉर्च मारावा. अंधुक चित्र हलताना दिसले, तर खिडकी शाबूत आहे, गेला आहे तो फक्त दिवा किंवा त्याला वीज पुरवणारे मंडल. आम्ही हा प्रयोग केला तेव्हा बातम्या सांगणारी निवेदिका अंधुक का होईना, दिसत होती! गावातल्या कारागिराने मागच्या पट्ट्या बदलून दिल्या आणि संच पुन्हा चालू झाला. म्हणजे मिळालेला सल्ला चुकीचा होता. पडदा हा संचाचा सर्वांत महाग भाग असतो. तो फुटला तर दुरुस्ती परवडत नाही. पट्ट्या मात्र त्या मानाने बऱ्याच स्वस्त असतात.

पण दिवा इतक्या लवकर का जावा? एलईडीचे आयुष्य हजारो तासांचे असते असे आपण वाचतो. समजा, ते ६०,००० तास आहे. रोज ६ तास संच चालवला तरी २७ वर्षे होतात. हा आकडा खोटा नसतो, पण तो बहुधा प्रकाश हळूहळू मंद होत जाण्याचा असतो, एकाएकी बंद पडण्याचा नव्हे. शिवाय तो एका एलईडीचा असतो. संचात त्या अनेक असतात आणि सामान्यतः एकसरी जोडणीत असतात. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, तसेच येथे होते. समजा, २० एलईडी एकसरीत आहेत आणि त्यांतील प्रत्येक तीन वर्षे टिकण्याची शक्यता ९९ टक्के आहे. सगळ्याच टिकण्याची शक्यता किती? ०.९९ चा २० वा घात काढा. उत्तर सुमारे ०.८२ येते. म्हणजे प्रत्येक घटक उत्तम असूनही १०० पैकी १८ संच तीन वर्षांत काळे पडतील. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यामागचा नियम खरा आहे.

स्वस्त संचात यावर आणखी भार पडतो. खर्च वाचवायचा तर एलईडींची संख्या कमी ठेवून प्रत्येकीतून जास्त विद्युत्प्रवाह सोडावा लागतो. प्रवाह वाढला की उष्णता वाढते आणि उष्णता हा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा मोठा शत्रू आहे. वीजपुरवठ्याच्या मंडलातील धारित्रांचे, म्हणजे कारागिराच्या भाषेत कंडेन्सरांचे, उदाहरण घ्या. तापमान १० अंश सेल्सिअसने कमी झाले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. १०५ अंशांना २,००० तास टिकणारे धारित्र ७५ अंशांना सुमारे १६,००० तास टिकेल. म्हणून बंद पेटीत किंवा पत्र्याच्या छपरालगत टांगलेला संच लवकर बिघडतो.

येथे वापरणाऱ्याच्या हातात एक उपाय आहे. नवा संच पुष्कळदा दुकानात उठून दिसेल अशा झगझगीत मांडणीत असतो. शाळेत आल्यावर त्यातील बॅकलाइट निम्म्यावर आणावा. सूचीतील 'ब्राइटनेस' कमी केल्याने काही संचांत फक्त चित्र काळपट होते, मागचा दिवा तसाच जळत राहतो. मग दिवा खरोखर मंदावला हे कसे ओळखावे? विजेच्या मीटरला विचारावे! ज्या मीटरवर एका युनिटला ३,२०० लुकलुकी असे लिहिलेले असते, तेथे ४० वॉटचा संच दर २८ सेकंदांनी एक लुकलुक देईल. वापर २५ वॉटवर आला, तर हे अंतर ४५ सेकंदांचे होईल. बाकी सर्व उपकरणे तेवढा वेळ बंद ठेवावी लागतील, एवढेच. अंतर बदलले नाही, तर दिवा मंदावलेला नाही.

आता मोलाचा प्रश्न. खरेदीपूर्वी आपण इतर ग्राहकांची मते विचारतो. पण ही मते बहुतेक पहिल्या काही दिवसांतली असतात. उपकरणांच्या बिघाडांचा आलेख अंघोळीच्या टबासारखा असतो. सुरुवातीला काही संच घडणीतील दोषामुळे जातात, मग शांततेचा काळ येतो आणि शेवटी झीज होऊन बिघाड पुन्हा वाढतात. पहिल्या आठवड्यातले समाधान तिसऱ्या वर्षाबद्दल काहीच सांगत नाही. एक वर्षाची हमीसुद्धा टबाचा पहिला काठच झाकते. म्हणून किंमत वर्षांनी भागून पाहावी. समजा, एक संच ८,००० रुपयांचा असून तीन वर्षांत टाकून दिला, तर वर्षाला सुमारे २,६७० रुपये पडले. त्याच संचावर १,५०० रुपये खर्चून तो आणखी तीन वर्षे चालवला, तर वर्षाला सुमारे १,५८० रुपयेच पडतात. स्वस्त संच दुरुस्त झाला तरच स्वस्त ठरतो.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांनाही असेच तपासावे. ३२ इंची पडदा सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच असतो. 'एचडी रेडी' संचात आडवे १,३६६ चित्रबिंदू, म्हणजे एक बिंदू अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील ओळखतो. त्या हिशेबाने १.८ मीटरच्या पलीकडून हे बिंदू वेगळे दिसत नाहीत. मग शेवटच्या बाकासाठी 'फुल एचडी'चे जादा पैसे कशाला द्यायचे? तेथील अडचण वेगळीच आहे. ६ मीटरवरून आरामात वाचायला अक्षर सुमारे अडीच सेंटिमीटर उंच हवे. मात्रा, उकार व ओळींमधले अंतर धरले तर ४० सेंटिमीटरांत आठ ओळी जेमतेम बसतील. त्यामुळे ३२ इंची संच वीस-पंचवीस मुलांच्या गटाला ठीक आहे, साठ मुलांच्या वर्गाला तो अपुराच पडेल. बाजूच्या बाकावरून रंग फिके पडतात का, हेही दुकानातच तिरपे उभे राहून पाहावे.

'स्मार्ट' सोयींचा मोह आवरावा असे आम्ही सुचवू. स्वस्त संचातील छोटा संगणक पडद्याच्या आधी म्हातारा होतो. नवी अॅप्स त्याला झेपेनाशी होतात. संगणक किंवा पेनड्राइव्ह जोडण्याची सोय मात्र वर्षानुवर्षे उपयोगी पडते. वादळी पावसात प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत. आणि संच स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या धारित्रात काही काळ सुमारे ३०० व्होल्टचा भार राहू शकतो.

तर आमचा निकाल असा : छोटा स्वस्त संच वाईट नाही, पण त्याचा भरवसा खोक्यात मिळत नाही, तो आपल्याला बाहेरून जोडावा लागतो. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात उपग्रहाद्वारे भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली गेली. तेव्हा संचांबरोबर त्यांच्या देखभालीची व्यवस्थाही उभारली होती. आपल्या शाळेचा संच एकच असला तरी हा धडा लागू पडतो. वर्गणीतील शंभर रुपयांपैकी पंधरा-वीस रुपये दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावेत, पट्ट्या कोठे मिळतात हे खरेदीच्याच दिवशी विचारून घ्यावे. आणि कपाटावर एखादा काळा संच पडून असेल, तर उद्याच त्यावर टॉर्च मारून पाहावा.