रेनडिअरची पाडसे कशाने दगावतात? एका शोधनिबंधाचे चिकित्सक वाचन

शोधनिबंध हाती आला की आपण सारांश वाचतो, निष्कर्ष अधोरेखित करतो आणि पुढे जातो. आज एक निबंध जरा थांबून वाचू. विषय दूरचा आहे: नॉर्वेतील सामी लोकांच्या कळपांतली रेनडिअरची पाडसे. पण प्रश्न मोजमापाचा आहे, आणि तो कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला चुकत नाही.

आधी पार्श्वभूमी. रेनडिअरची मादी सुमारे साडेसात महिने गाभण राहते आणि मे महिन्याच्या आसपास बहुधा एकाच पाडसाला जन्म देते. त्याचे वजन पाच किलोच्या आसपास असते. कळपाला मालक असला तरी जनावरे मोकळी चरतात. उन्हाळ्यात पाडसांच्या कानांवर मालकाची खूण कापतात. तोवर आणि त्यानंतरही काही पाडसे नाहीशी होतात. लिंक्स, वुल्व्हरिन, सुवर्ण गरुड त्यांना मारतात, हे एक कारण. भूक हे दुसरे. हिवाळ्यातले मुख्य खाद्य म्हणजे लायकेन. आपल्या मसाल्यातले दगडफूल याच प्रकारातले. बर्फावर पाऊस पडून गोठला की कठीण थर तयार होतो, मादीला खालचे खाद्य मिळत नाही आणि तिचे पाडस अशक्त जन्मते.

आता आकड्याकडे या. डोंगरात पाडसाचा मृतदेह क्वचितच सापडतो. त्यामुळे 'हरवलेली पाडसे' हा आकडा बहुतेक वेळा वजाबाकीतून येतो: जन्मली असावीत तितकी, उणे आज जिवंत दिसतात तितकी. वजाबाकी किती हरवली हे सांगते. कशाने हरवली हे सांगत नाही.

या वादात तोर्किल्ड त्वेरा आणि सहकाऱ्यांचा निबंध 2014 मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजी'त आला. त्यांनी दीर्घ काळाची, मोठ्या क्षेत्रावरची माहिती घेऊन दोन्ही कारणे एकत्र तपासली. निष्कर्ष असा: लिंक्स आणि वुल्व्हरिन वाढले की भरपाईचे दावे वाढतात, पण कळपांच्या वाढीच्या दरावर त्यांचा परिणाम आढळत नाही. जनावरांची दाटी आणि हवामान यांचा परिणाम कितीतरी मोठा आहे.

निबंधाची ताकद मान्य करू. एकच कारण धरून बसण्याऐवजी दोन कारणे एकाच तराजूत तोलणे ही चांगली पद्धत आहे. पण दोन शंका उरतात.

पहिली, 'दावा' ही निसर्गातली राशी नाही. तो माणूस भरतो, आणि नियम बदलले की दावेही बदलतात. स्वीडनमध्ये 1996 पासून भरपाई मेलेल्या जनावरांवर नव्हे, तर त्या भागातील शिकारी प्राण्यांच्या संख्येवर ठरते. म्हणून नॉर्वेत दावे वाढले याचे दोन अर्थ निघतात: जास्त पाडसे मारली गेली, किंवा शिकारी दिसू लागल्याने जास्त दावे झाले.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची आहे. घरातला व्होल्टेज स्टॅबिलायझर आठवा. बाहेर येणारा दाब 230 व्होल्टवर स्थिर दिसतो म्हणून 'वीजपुरवठ्यात चढउतार नाहीत' असे कोणी म्हटले, तर तुम्ही हसाल. चढउतार आहेत, स्टॅबिलायझर ते झेलतो आहे. कळपात ते काम मालक करतो. पाडसे कमी उरली तर तो कमी जनावरे कापायला पाठवतो. कळपाची संख्या टिकते, त्याचे उत्पन्न घटते. म्हणजे नुकसान वाढीच्या दरात नव्हे, कत्तलीच्या हिशोबात शोधायला हवे.

इथे लेखकांवर अन्याय नको. किती पाडसे कळपात टिकतात हेही त्यांनी तपासले आहे, आणि तिथेही दाटी व हवामानच वरचढ ठरले. पालकांचे निर्णय वेगळे काढणारी प्रतिमाने हवीत, असेही ते शेवटी सुचवतात. त्यामुळे भुकेचा मुद्दा टिकतो; 'परिणाम आढळला नाही' याचा 'नुकसान झाले नाही' असा अर्थ मात्र टिकत नाही.

हा शब्दच्छल नाही. दोष दाटीचा ठरला तर उपाय म्हणून कळप कमी करण्याचा आदेश येतो. 2017 मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका तरुण सामी पालकाला कळप 75 जनावरांवर आणण्याचा आदेश कायम ठेवला. एवढ्यावर पोट भरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सरासरी आकडा संपूर्ण प्रदेशाचा असतो, किंमत एका घराला मोजावी लागते.

मग चांगले मोजमाप कोणते? फिनलंडमध्ये पाडसांच्या गळ्यात मृत्यूची सूचना देणारे रेडिओ-पट्टे बांधून अभ्यास झाले. मृतदेह लवकर हाती लागला तर कातडीखालचा रक्तस्राव पाहता येतो: चावा जिवंतपणी बसला, की मेल्यावर कोणी लचका तोडला? वजाबाकीला हे कधीच कळत नाही. मात्र पट्टा बांधण्याआधी मेलेले पाडस याही मोजणीतून सुटते.

विचार करा: तुमच्या प्रकल्पात एखादी राशी स्थिर दिसते आहे का? मग ती स्थिर ठेवण्यासाठी कोण झिजते आहे, ते आधी शोधा.